घिसाडघाई

मराठीत एक शब्द आहे, घिसाडघाई. आगापिछा न बघता, कसंतरी उरकलेलं काम म्हणजे घिसाडघाई. पेपरात हा शब्द येतो, ग्रामसभेत येतो, मास्तर वहीवर शेरा मारताना लिहितात. मीही तो आयुष्यभर वापरला. या शब्दात एका जातीचं नाव आहे अन् आपण येता-जाता त्या जातीला नावं ठेवतो, हे ध्यानात यायला मला साठी ओलांडावी लागली.

झालं असं. मागच्या दिवाळीत जावईबापूंबरोबर त्यांचे एक पुण्याचे मित्र शेतावर आले होते. ओसरीत खिळ्याला मी केलेली एक सुरी टांगलेली होती. सहा इंचाचं पातं, मोसंबीच्या लाकडाची मूठ, तीन पितळी खिळे. त्यांनी ती हातात घेतली, अंगठ्यानं धार चाचपली, उजेडाला धरून बघितली.

"काका, काय काम आहे हो! ही घिसाडघाई नाही. याला हँडमेड म्हणतात. विकता का?"

मी नको-नको म्हणेपर्यंत त्यांनी तीन हजार रुपये माझ्या खिशात कोंबले अन् सुरी घेऊन गेले. घरची मंडळी खूश. मला मात्र रात्री झोप लागली नाही. ती सुरी करायला मला ज्यानं शिकवलं तो घिसाडीच होता. अन् त्याच्याशी मी वीस-वीस रुपयांसाठी हुज्जत घातली होती.

मी अंबड तालुक्यातला शेतकरी. दहावी झालो अन् नांगरामागं लागलो. सुऱ्या करणं हा माझा धंदा नाही, नाद आहे. वर्षाला दहा-बारा होतात. लेकीला, सुनेला, सोयऱ्याधायऱ्यांना देतो. हा नाद लागला दुष्काळात. 2012 साली आमच्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. टँकरनं पाणी घालून लोकांनी झाडं जगवायला बघितली. काहींची जगली, माझी गेली. पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं मी माझ्या हातानं तोडली. लाकूड सरपणाला रचून ठेवलं. एक दिवस एक ओंडका चिरला तर आतून पिवळसर, गुळगुळीत, हाडासारखं घट्ट लाकूड निघालं. ते चुलीत घालवेना. त्याची एका जुन्या खुरप्याला मूठ बसवली. मग वाटलं, मूठ आपली, तर पातंही आपलंच का नको?

लोखंड शोधायला जालन्याला गेलो. जालना म्हणजे सळईचं गाव. भंगार वितळवून लोखंड ओतायचं अन् त्याच्या सळया ओढायच्या, असे कारखाने एमआयडीसीत रांगेनं उभे आहेत. मला वाटलं, एवढ्या लोखंडात सुरीपुरतं काय, हवं तेवढं मिळेल. सळईचा तुकडा आणला, ठोकून पातं केलं, धार लावली. वांगं कापलं, कांदा कापला अन् धार गेली. पुढं कळलं की घराच्या सळईत कार्बन फार तर पाव टक्क्याच्या आसपास असतो. सळईनं वाकायचं असतं, तुटायचं नसतं, म्हणून ते बरोबरच आहे. पण तेवढ्या कार्बनवर पातं कडक होत नाही. त्याला ट्रकचा पाटा लागतो. पाट्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वर, साधारण 0.6 असतो. हे मला पुस्तकातनं कळलं ते नंतर. आधी सांगितलं ते घिसाडी मामानं. सळईचा तुकडा त्यानं ऐरणीवर नुसता वाजवून बघितला अन् बाजूला फेकला. "मालक, हे मेलेलं लोखंड हाय. पाणी धरत न्हाई."

हा मामा आमच्या गावाला नवा नव्हता. 1972 च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. मिलो अन् सुकडी खाऊन आमची घरं रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. टिकाव, पहारी, छन्न्या दोन दिवसांत बोथट व्हायच्या. गावाबाहेर गायरानात घिसाड्यांची पालं पडली होती. जमिनीत खड्डा करून भट्टी, कातड्याचा भाता, मातीत रोवलेली ऐरण. मामा तेव्हा तरणाबांड होता. तो सांडशीत पहार धरायचा अन् हातातल्या लहान हातोडीनं टिचकी मारून जागा दाखवायचा. त्या जागेवर मामी घण घालायची. पाठीला लेकरू बांधलेलं, पदर खोचलेला अन् डोक्याच्या वरून येणारा घण. बाई घण मारते हे आम्हा पोरांना मोठं नवल वाटायचं. आमच्या आयाबायाही दिवसभर खडीच फोडत होत्या, त्याचं कुणाला नवल वाटत नव्हतं. सांगायचं ते एवढंच, की त्या वर्षी सरकारनं काम दिलं, पण ते काम करायचं हत्यार चालू ठेवलं घिसाड्यानं. दुष्काळाच्या इतिहासात त्याचं नाव कुठं आलेलं मी वाचलं नाही.

मी सुऱ्या करायला लागलो तेव्हा मामा म्हातारा झालेला होता, पण दरवर्षी पेरणीच्या आधी पाल टाकायचा. सुरुवातीला मी सगळं चुकवलं. बियाण्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पात्याचा आकार काढायचा, तो पाट्यावर ठेवून ग्राइंडरनं कापायचा, कानशीनं उतार काढायचा, इथपर्यंत जमलं. मग पातं लाल करून हौदाच्या पाण्यात बुडवलं. 'टिंग' असा बारीक आवाज आला. धारेपासून पाठीपर्यंत केसाएवढी चीर. आठ दिवसांचं काम एका क्षणात गेलं. मामाला दाखवलं तर तो हसला. "पाट्याला गार पाणी सोसत न्हाई मालक. तेल घ्या, तेबी कोमट करून."

तेव्हापासून मी करडीचं तेल वापरतो. माझी रीत आता ठरलेली आहे. बाभळीच्या कोळशात पातं तापवायचं. जुन्या रेडिओच्या भोंग्यातला लोहचुंबक तारेला बांधून ठेवलाय, तो पात्याला लावून बघायचा. साधारण 770 अंशांच्या पुढं चुंबक लोखंडाला धरत नाही. धरायचा थांबला की अजून थोडं तापवून तेलात. मग कढईतल्या गरम वाळूत ठेवून कडकपणा थोडा उतरवायचा, नाहीतर सुरी काचेसारखी फुटते. शेवटी मूठ बसवून जवसाचं तेल मुरवायचं. अशी एक सुरी व्हायला मला दोन-तीन आठवडे लागतात. म्हातारपणाचा नाद, घाई कशाची?

मामाला याच कामाला अर्धा तास लागायचा. इथंच तो शब्द येतो.

मामाजवळ चुंबक नव्हता, वाळू नव्हती, वेळही नव्हता. तो इळ्याचं पातं लाल करायचा अन् नुसती धार पाण्यात टेकवून वर काढायचा. सबंध बुडवायचा नाही. पातं पाठीकडून अजून तापलेलंच. लगेच विटेच्या तुकड्यानं धारेजवळचा काळपटपणा घासून चकाकी काढायचा अन् टक लावून बघायचा. पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडं सरकते अन् चकाकीवर रंग चढायला लागतो. आधी वाळल्या कडब्यासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. इळ्याला तपकिरीवर थांबायचं. कोयत्याला जांभळ्यावर, कारण कोयता उसाच्या बुडख्यावर आदळतो, त्याला जरा लवचीकपणा लागतो. हवा तो रंग धारेवर आला की चटकन पुन्हा पाण्यात. दोन श्वास आधी बुडवलं तर टवका उडतो, दोन श्वास उशीर झाला तर धार मऊ पडते. त्यातून भर दुपारच्या उन्हात रंग नीट दिसत नाही, म्हणून डोक्यावर घोंगडीची सावली धरायची.

ही घिसाड्याची घाई. लोखंड भट्टीतनं बाहेर आलं की दहा-पंधरा आकडे मोजेपर्यंतच ठोकण्याजोगं असतं. तेवढ्यात मारलेला घाव कामाचा, नंतरचा वाया. दुरून बघणाराला वाटलं, हा माणूस घाई करायलाय. त्यानं शब्द पाडला अन् आपण तो आंधळेपणानं वापरला. मी चार-पाच वर्षं ही रंगाची रीत करून बघितली. दहातली तीन पाती साधली. डॉक्टरनं ऑपरेशन झटपट केलं तर आपण हाताला यश आहे म्हणतो. घिसाड्यानं झटपट केलं तर घिसाडघाई.

आता माझ्या म्हणण्यावर लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे. पारावर बोलून झालंय.

पहिलं म्हणणं, घिसाड्याचं काम ओबडधोबड. खरं आहे, त्याच्या पात्यावर घणाचे डाग राहतात. पण पातं कशानं पारखायचं? अमेरिकेत अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी नावाची पाती घडवणाऱ्यांची संघटना आहे, 1976 साली निघालेली. तिच्या परीक्षेत लोंबकळता इंचभर जाडीचा दोर एका घावात तोडावा लागतो. मग चार इंच रुंदीची लाकडाची फळी दोनदा तोडायची अन् त्यानंतरही त्याच धारेनं हातावरचे केस निघाले पाहिजेत. शेवटी पातं पकडीत धरून काटकोनात वाकवायचं, मोडता कामा नये. हे पास झालेल्या माणसाला तिकडं मान असतो. आमच्याकडची परीक्षा यापेक्षा सोपी नाही. ऊसतोडीचा कोयता दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत रोज पहाटेपासून चालतो. मोडला तर तोडणाऱ्या जोडप्याची त्या दिवसाची मजुरी जाते. मामाचा कोयता या परीक्षेत किती वेळा पास झाला, मोजायचं कुणी? त्याला कागद मिळत नाही, एवढाच फरक.

दुसरं म्हणणं, हा काळाचा महिमा आहे. बाजारात यंत्रावर छापून काढलेलं खुरपं स्वस्त मिळतं, स्टीलच्या सुऱ्या मिळतात, लोहार मागं पडणारच. हे म्हणणारा माणूस हिशोब करत नाही. बाजारचं पातळ खुरपं एका निंदणीत झिजतं. मामानं केलेलं माझ्या आईचं खुरपं माझ्या बायकोनं वापरलं. अन् काळाचाच महिमा असेल तर पुण्यामुंबईत हातानं केलेल्या सुरीला हजारो रुपये कोण देतंय? तोच काळ, तेच लोखंड. करणारा माझ्यासारखा जमीनवाला, दहावी शिकलेला, ओसरीत खुर्ची टाकून बसणारा असला की ती कला. करणारा पालात राहणारा असला की भाव पाडून मागायची वस्तू. मागं पडलं ते काम नाही. आपण माणसाला मागं लोटलं.

तिसरं म्हणणं भीतीचं. 'कोयता गँग' हे शब्द पेपरात आल्यापासून कोयता दिसला की लोक दचकतात. गुंडाला शिक्षा झालीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण 2016 च्या शस्त्र नियमांतसुद्धा नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची गोष्ट करताना घरकामाची अन् शेतकामाची हत्यारं वगळलेली आहेत. कायद्याला जो फरक कळतो, तो आपल्याला कळू नये? खंडेनवमीला आपण याच कोयत्या-विळ्याला हळदीकुंकू वाहतो, नारळ फोडतो. ज्यानं तो घडवला, त्याला त्या दिवशी कुणी पुरणाच्या जेवणाला बोलावल्याचं मी ऐकलं नाही. मीही बोलावलं नव्हतं.

चौथं म्हणणं, सरकार करतंय की. 17 सप्टेंबर 2023 ला, म्हणजे आपल्या मराठवाडा मुक्तिदिनालाच, विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या अठरा धंद्यांत लोहार आहे. प्रशिक्षणाचे दिवसाला पाचशे रुपये, अवजारांसाठी पंधरा हजार, पाच टक्क्यांनी कर्ज. योजना वाईट नाही. पण घिसाड्याला अवजारं कमी नव्हती, अवजारं तर तोच करतो. त्याला पाल टाकायला जागा अन् न घासता पैसे देणारं गिऱ्हाईक पाहिजे. ते दिल्लीहून येत नाही. ते गावानं द्यायचं असतं.

माझी थोरली लेक शाळेत विज्ञान शिकवते. तिनं मला मायकेल फॅरेडेची गोष्ट सांगितली. ज्याच्या शोधावर आज वीज तयार होते, तो फॅरेडे लोहाराचा पोरगा. शाळा फार शिकला नव्हता. 1819 साली त्यानं आपल्याकडच्या पोलादाचा, ज्याला ते लोक वूट्झ म्हणत, अभ्यास करून निबंध लिहिला अन् पुढं स्टोडार्ट नावाच्या लंडनच्या सुऱ्या-कात्र्या करणाऱ्या कारागिराबरोबर काही वर्षं तसं पोलाद करायचे प्रयोग केले. हे पोलाद दक्षिणेत व्हायचं. तेलंगणात निजामाबाद जिल्ह्यातलं कोनासमुद्रम त्यासाठी नावाजलेलं होतं, इराणचे व्यापारी तिथून माल न्यायचे. आमचा जालना अन् ते कोनासमुद्रम पुढं 1948 पर्यंत एकाच निजामाच्या राज्यात होते. म्हणजे लंडनचे शहाणे ज्या लोखंडाचं गूढ उकलत बसले होते, ते आपल्याकडच्या भट्टीवाल्यांनी केलेलं. तिकडं लोहाराचा पोरगा शास्त्रज्ञ झाला. आपल्याकडच्या घिसाड्याच्या पोराचं काय झालं, ते सांगतो.

सहा-सात वर्षांखाली आमच्या गावात एका रात्री मोटारीची केबल चोरीला गेली. सकाळी पन्नास माणसं गायरानात गेली. पालं उलटी केली, भांडी फेकली. भाता कुणीतरी लाथेनं फाडला. केबल सापडली नाही. तरी संध्याकाळपर्यंत गाव सोडा म्हणून सांगितलं. चार दिवसांनी केबल सापडली, ती गावातल्याच एका पोरानं भंगारात विकलेली. त्या पोराला कुणी गाव सोडायला सांगितलं नाही. त्या पन्नास माणसांत मी नव्हतो. मी घरी होतो, मला सगळं ऐकू येत होतं अन् मी बाहेर आलो नाही. आतल्या खोलीत मामानं पाणी दिलेल्या सुरीला मूठ घासत बसलो होतो. मामा त्यानंतर गावात आला नाही.

त्या तीन हजारांनी झोप उडवली तेव्हा मी त्याला शोधायला निघालो. बाजारात विचारत, एका पालावरून दुसऱ्या पालावर, शेवटी जालन्याच्या कडेला एका वस्तीत पोहोचलो. मामा दोन वर्षांखाली वारला होता. थोरला पोरगा सळईच्या कारखान्यात रोजंदारीनं भंगार उतरवतो. बाप ज्या पाट्यांचे कोयते करायचा, ते पाटे हा गाडीतनं खाली टाकतो, भट्टीत वितळून जायला. ऐरण विकलेली. मामी होती, डोळ्यांनी जरा अधू.

मी तिला मामाचं नाव विचारलं. लाज वाटते सांगायला, पण चाळीस वर्षं आम्ही त्याला 'ए घिसाडी' म्हणून हाक मारली अन् मी मतलबापुरता 'मामा' म्हणालो. नाव ठाऊकच नव्हतं. शहरातले कारागीर पात्यावर आपलं नाव कोरतात. आमच्या गावातल्या शेकडो विळ्या-खुरप्यांवर कुणाचंच नाव नाही. मामीनं नाव सांगितलं. पुस्तकात छापू का म्हणलं तर "कशाला?" म्हणाली. म्हणून छापत नाही.

तीन हजार तिच्या हातावर ठेवले. तिनं मोजले. एका सुरीचे एवढे आले म्हणल्यावर म्हणाली, "आमच्यासंगं तर धा रुपयाला भांडत व्हते तुम्ही." मी मान खाली घातली. मग पिशवीतली दुसरी सुरी तिला दाखवली. तिनं डोळ्याजवळ धरली, नखावर पात्याची धार टेकवून बघितली, कानाशी नेऊन टिचकी मारली.

"मूठ झ्याक हाय. पाणी जास्त झालंय. हाडावर मारू नका, टवका उडंल."

घरी येऊन मी बोकडाच्या हाडावर मारून बघितली. टवका उडाला.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. गावातल्या माणसांनो, पाल पडलं की गायरानातली जागा त्यांना दाखवा, पाण्याची सोय करा अन् सांगितलेला भाव द्या. बियाण्याच्या पिशवीवर छापलेला भाव आपण मुकाट देतोच की. शहरातल्या माणसांनो, हातानं केलेली सुरी हवी असेल तर माझ्यासारख्या हौशी माणसाकडं येऊ नका. ज्याचं पोट त्यावर आहे त्याच्याकडं जा, त्याचं नाव विचारा अन् पात्यावर कोरून घ्या. अन् लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांनो, घिसाडघाई हा शब्द वापरण्याआधी एकदा तापलेलं पातं हातात धरून धारेवर चढणारा रंग बघा. पिवळ्यावर थांबायचं की तपकिरीवर, ते ठरवायला दोन श्वास मिळतात.

यंदा खंडेनवमीला मामीला अन् तिच्या पोराला जेवायला बोलावलंय. येतो म्हणालेत. पोरगा घण घेऊन येणार आहे. माझ्याकडं जुना पाटा पडलेला आहे अन् मला पाणी द्यायला अजून नीट येत नाही.